वासाचा पंचनामा

२० डिसेंबर १९७०, रविवार

नवी वही काढली. कालवा निरीक्षक म्हणून अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी डायरी लिहिली, पण ती साहेबाच्या सहीसाठी. ही माझी मला. त्यामुळे मनात असेल ते लिहीन, आणि मनात सध्या राग आहे.

गोबर गॅसचा खड्डा आज शेणकाल्याने काठोकाठ भरला. वर लोखंडी टाकी पालथी बसवली. गॅस साठला की ही टाकी आपोआप वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. काष्टीत आमच्या आळीत हा पहिलाच, म्हणून सकाळपासून बघ्यांची रीघ लागली होती. बघायला यावं, चहा घ्यावा, जावं. पण नाही. शेजारची लंकाबाई भर माणसांत म्हणाली, "आबासाहेब, शेनाच्या गॅसवरची भाकर आमी न्हाई खायाची बरं का!" सगळे हसले. मी म्हटलं, "मग जन्मभर कशावरची खाल्लीस? तुझ्या चुलीत गोवऱ्या जातात का चंदन?"

मी हे कुणाला दाखवायला करत नाही. गेल्या आषाढात माझी बायको, गोरक्षची आई, गेली. दोन वर्षं खोकली, शेवटी धाप लागली. श्रीगोंद्याच्या डॉक्टरने मला विचारलं, "स्वयंपाकघराची खिडकी केवढी आहे?" खिडकी नव्हतीच. मी कालव्याच्या दारांची मापं इंचात सांगणारा माणूस. आणि बायको तेहतीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत धूर गिळत होती, हे मला परक्या माणसाने दाखवावं लागलं. तिचं दहावं झालं आणि मी गवंडी बोलावून भिंत फोडली. आता खिडकी आहे, गॅसही येतोय. ती नाही. याचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून जो समोर येईल त्याच्यावर निघतो.

शेरा: आमचा गडी सहादेव यास रोज सहा पाट्या शेण टाकण्याची ताकीद दिली.

१४ जानेवारी १९७१, गुरुवार, संक्रांत

गॅस पेटला. नगरहून गॅसवाले साहेब आले होते. पहिला टाकीभर गॅस परवाच नुसता सोडून दिला होता, त्यात हवा मिसळलेली असते म्हणे. आज काडी लावली तर निळी ज्योत, धूर नावाला नाही. भांड्याचं बूडही काळं झालं नाही. मी पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं नव्हतं.

साहेबांनी मला, सूनबाई मालनला आणि सहादेवला उभं करून समजावलं. जळत्या गॅसला वास नसतो. न जळलेल्याला असतो, अंडं नासल्यासारखा. तो आला की कुठंतरी गळतंय समजायचं. आधी हातातली काडीपेटी खाली ठेवायची, मग खिडकी उघडायची, मग कॉक बघायचा. "यंत्रबिंत्र काही लागत नाही, नाक बास," म्हणाले. मी म्हटलं, "नाकाची काळजी नको. तीस वर्षं तपकिरीने रोज साफ होतंय." त्यांच्यापुढे डबी केली तर नको म्हणाले. आजकालच्या पोरांना चिमूटभर तपकीर सोसत नाही.

सगळे नियम मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून ओट्याच्या वर टांगले. एका नियमात मात्र मी दुरुस्ती केली. टाकीजवळचा कॉक रोज रात्री बंद करावा असं साहेबांचं म्हणणं. पण मग पहाटे चहाला मालनने थंडीत बाहेर जाऊन तो उघडायचा? एका बाईचा जीव स्वयंपाकघराने घेतला तेवढा पुरे. तो कॉक उघडाच राहील.

साहेब बाहेर पडतात न पडतात तोच मालन म्हणाली, "मामा, वास येतुय वो." मी शेगडीला नाक लावून पाहिलं. काही नाही. जुनं सोडवत नाही माणसाला, दुसरं काय.

मालनने गॅसवर तिळाच्या वड्या केल्या. नात बायडीने चार खाल्ल्या. मला चव लागली नाही. गोरक्षची आई गेल्यापासून कशालाच चव नाही. भाकरी, कालवण, गूळ, सगळं सारखंच. ती होती तोवर बरं असावं, मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

टाकी सकाळी वीतभर खाली. रात्री कुणी गॅस वापरला नाही, मग ती खाली का बसावी? सोपं गणित आहे. शेण कमी पडतंय. सहादेवला विचारलं तर म्हणतो, "बरुबर सा पाट्या टाकतुय, आबा." मग बाकीचं शेण काय उडून गेलं? कालव्यात वरून सोडलं तितकं पाणी खाली पोचलं नाही की मधे कुणीतरी चोरलं, हे मी अठ्ठावीस वर्षं पाहिलंय. ह्याच्या बायकोच्या गोवऱ्या हल्ली जास्तच दिसतात भिंतीवर.

शेरा: उद्यापासून पाट्या माझ्यासमोर टाकायच्या.

२६ जानेवारी, मंगळवार

आज हद्द झाली.

झेंडावंदन झाल्यावर सरपंच आणि चार मंडळी गॅस बघायला आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि एकेकाने उपरणं नाकाला लावलं. सरपंच मागच्या मागे अंगणात. चहा तिथेच मागवला आणि निम्मा ठेवून गेले. वरून लंकाबाई तिच्या भिंतीआडून ओरडली, "आबासाहेब, तुमच्या घरात उंदीर मरून पडलाय का बघा! आमाला जेवन जाईना!"

मी वही-पेन्सिल घेतली आणि घराचा रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून सहादेवला घेतलं. प्रत्येक ठिकाणी वाकून, नाक जवळ नेऊन, तीनदा दीर्घ श्वास घेतला. नोंद जशीच्या तशी उतरवतो.

मोरी: निरंक.
रॉकेलचा डबा, झाकण काढून: निरंक.
ज्वारीची कणगी, किडीसाठी गॅमेक्झिन पावडर टाकलेली: निरंक.
पडवीतली कांद्याची रास: निरंक. (खालचे पाच-सहा कांदे हाताला लिबलिबीत लागले, ते फेकले.)
सहादेवचं घोंगडं: निरंक.
ओटा, शेगडी, कॉक: निरंक.
गोठा: निरंक.

सहादेव माझ्याकडे टकामका बघायला लागला. "आबा, गोठ्यात सुदीक न्हाई?" मी म्हटलं, "जे आहे तेच लिहायचं असतं. लोकांना आवडेल ते नाही." त्याने मान खाली घातली. शेणाची चोरी अंगाशी आल्यामुळे तो हल्ली मान वर करत नाही.

आता हा पंचनामा सांगतो काय? आळीत इतकं स्वच्छ घर दुसरं नाही. वास घरात नाहीच, लोकांच्या डोक्यात आहे. आबासाहेबाने काही चांगलं केलं की ह्यांचं पोट दुखतं. दुखू दे. सरपंचाला ह्या पंचनाम्याची नक्कल देणार आहे.

३ फेब्रुवारी, बुधवार

मालनचं रोज डोकं दुखतं. सकाळी ओकली. लंकाबाईने लगेच गोड बातमी ठरवून टाकली, मालन म्हणाली तसलं काही नाही, स्वयंपाकघरात गेलं की मळमळतं. नाटक आहे. मी त्याच घरात राहतो, मला काही होत नाही. मी बसतो पडवीत हे खरं.

दुपारी मी आत भिंतीला टेकून कागद चाळत बसलो होतो. मालन आडावर गेली होती. आली तीच पळत ओट्याकडे. दूध जळून पातेल्याला कोळसा झालेला. म्हणाली, "मामा, तुमी हितंच बसला हुता की. पार लंकाबाईच्या घरापत्तुर वास सुटलाय, तुमाला कळलं न्हाई?" मी म्हटलं, "मी काय दुधाचा राखणदार आहे?" ती नुसती बघत राहिली. हिच्या सासूची आठवण झाली. ती गोठ्यातून ओरडायची, "दूध लागलं!" आणि मी उठून उतरवायचो. पन्नास पावलांवरून तिला समजायचं. आणि आता मला बोल लावतात की तू शेजारी बसून काय केलंस.

हे एवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी मागच्या अंगणातून धूर दिसला. जाऊन बघतो तर मालनने तीन दगडांची चूल मांडून भाकरी टाकलेली, बायडी मांडीशी. माझं डोकंच फिरलं. घागर उचलली आणि पेटत्या चुलीवर ओतली. भाकरी, राख, सगळं एक झालं. पोर भेदरून रडायला लागली. मी ओरडलो, "ह्या घरात पुन्हा चूल पेटणार नाही! एक गेली तेवढी बास!"

मालन राखेतली भाकरी उचलत म्हणाली, "मामा, ह्यो गॅस त्या चुलीपरीस वाईट हाय. तुमाला कसं सांगावं तेच समजंना."

सांगू नकोस. मला सगळं समजतं.

७ फेब्रुवारी, रविवार

गोरक्ष जामखेडहून आला. कचेरीत कारकून आहे, पंधरवड्याने येतो. दारात पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य, "आबा, केवढा वास मारतोय!" चांगलं पढवून ठेवलंय. बायकोच्या नाकाने वास घेतो. साबणाचा फेस करून नळीला लावायचा म्हणे, गळत असेल तिथे बुडबुडे येतात. ओट्यामागची भिंत फोडावी लागली तरी फोडू म्हणाला. मी म्हटलं, "माझी चौकशी माझ्याच घरात? मी पंचनामा केलाय, तो वाच." त्याने वाचला. गोठ्याच्या नोंदीशी थांबला, माझ्याकडे पाहिलं, मालनकडे पाहिलं. दोघांनी काहीतरी नजरेत बोलून घेतलं. मला असली नजर खपत नाही.

मग खरं काय ते बाहेर आलं. "मी मालनला अन् बायडीला जामखेडला घेऊन जातो." हेच पाहिजे होतं. वासाचं निमित्त करून वेगळं बिऱ्हाड. मी म्हटलं, "खुशाल जा. मी हाताने चहा करून घेईन." पण मालनच अडून बसली. "मी न्हाई यायची. आत्याबाईंना मी शब्द दिलाय. मामांना एकलं सोडायचं न्हाई." सासूला शब्द! काय शब्द दिला विचारलं तर तोंड मिटलं.

मला काय कळत नाही होय? गोरक्षची आई गेली तेव्हापासून तिच्या पेटीची आणि कोठीच्या कपाटाची किल्ली माझ्या करदोड्याला आहे. सहा वर्षांपूर्वी घरात आलेल्या सुनेला किल्ली हवीशी वाटणारच. मिळणार नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

टाकी आज दीड हात वर! दोन दिवस कुणाची तक्रार नाही, मालनचं डोकं दुखत नाही. सहादेवला सोमवारी सकाळी सगळ्यांदेखत झापलं होतं, त्याचा गुण. दम दिल्याशिवाय माणूस सरळ चालत नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आणि मी मूर्ख. दुपारी भांडी घासल्यावर मालन टाकीकडे गेली आणि वाकून कॉक बंद केला. खोदून विचारल्यावर कबूल केलं. गोरक्ष सांगून गेला होता, स्वयंपाक झाला की टाकीचाच कॉक बंद करत जा. मला न सांगता! माझ्या टाकीवर! कालव्याच्या दाराला निरीक्षकाच्या हुकमाशिवाय कुणी हात लावला तर मी केस करायचो. मी कॉक उघडला, त्याला तार गुंडाळली आणि बजावलं, की ह्या तारेला हात लावला तर खबरदार.

"मामा, चार दिस बरं वाटलं हुतं," एवढंच म्हणाली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

टाकी पुन्हा खाली. सहादेव पुन्हा चोर.

लंकाबाई आज अंगणात बसून मालनला सांगत होती. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पण त्याची बंडी तिने धुतली नाही. उशाला घेऊन झोपते. म्हणाली, "मानूस जातं, पर वास ऱ्हातो गं. नाकाला लावलं की जवळ बसल्यावानी वाटतं."

मला कुणी बघत नव्हतं. दुपारी आत जाऊन पेटी उघडली. वर तिचं हिरवं लुगडं, शेवटच्या दिवसांत नेसायची ते, मीच न धुता घडी करून ठेवलेलं. तोंड खुपसलं. पुन्हा खुपसलं. काही नाही. कोऱ्या कापडासारखं. लंकाबाईचा दारुडा नवरा तीन वर्षं राहतो आणि माझी बायको सात महिन्यांत साफ गेली. तेहतीस वर्षं संसार करून माझ्यासाठी एवढंसुद्धा ठेवलं नाहीस? इतका राग आला की पेटी धाडकन आपटली. बिजागरी वाकली.

मेलेल्या माणसावर चिडून काय मिळतं? पण चिडलोय.

१७ फेब्रुवारी, बुधवार

उजव्या हाताची बोटं भाजली आहेत, अक्षर वाकडं येईल.

काल सकाळी मालन गोठ्यात धार काढत होती. चार दिवस तिच्याशी अबोला, म्हणून चहा मागायचा नव्हता. मीच स्वयंपाकघरात गेलो. खिडकी बंद होती. आदल्या संध्याकाळी वारं लागतं म्हणून मीच ओढून घेतली होती. भांड्यात पाणी घेतलं, काडीपेटी काढली. माझ्या डोक्यावर माझाच पुठ्ठा टांगलेला होता.

बायडी दारात येऊन म्हणाली, "आजोबा, घान वास." मी म्हटलं, "तूसुद्धा शिकलीस का आईचं?" पोर रडत गोठ्याकडे पळाली. तेवढ्यात मालन धावत आली. हातात अजून दुधाची चरवी. "मामा, काडी नका वढू! मामा!" ती आधी खिडकीकडे गेली, धक्का मारून उघडली, मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, माझ्या घरात मला काडी ओढायची बंदी! मी ओढली.

भप्प. एवढाच आवाज. ओट्यावरून निळं-पिवळं काहीतरी छातीएवढं उठलं. मालनने मला मागे लोटलं, त्यात तिचा डावा हात मधे आला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. सहादेवने पळत जाऊन तार तोडली आणि कॉक बंद केला. खिडकी उघडली नसती तर काय झालं असतं ते नंतर डॉक्टरने सांगितलं, मी लिहीत नाही.

अंगणात आम्हाला बसवलं. लंकाबाई, माझ्याशी दोन महिने भांडणारी, मालनच्या हातावर तांब्यामागून तांब्या गार पाणी ओतत होती. मालन दात आवळून बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुमची मिशी जळाली वो. कसला करपट वास सुटलाय." लंकाबाईनेही पदर नाकाला लावला. बायडीने रडता रडता नाक धरलं.

मी मिशीला हात लावला. डावी बाजू चुरा होऊन हातात आली.

मिशी नाकाच्या खाली असते. बोटभरही अंतर नाही.

मी तो चुरा चिमटीत धरला, तपकिरीसारखा नाकाशी नेला आणि जोरात ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. सहादेव माझ्याकडे बघत होता, तसाच, पंचनाम्याच्या दिवशी बघत होता तसा. मी गोठ्याकडे पाहिलं. पाच जनावरं, दोन दिवसांचं शेण, आणि माझी नोंद: निरंक.

मग मात्र मला तिथे बसवेना.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

गोरक्षने ओट्यामागची भिंत फोडली. बाहेरचा लोखंडी पाइप आणि आतला कॉक यांच्यामधे भिंतीच्या भोकातून रबरी नळी आहे, ती उंदराने चार ठिकाणी कुरतडलेली. कॉकच्या अलीकडे, म्हणून आतला कॉक बंद असला तरी गळत राहायची, घरात आणि लंकाबाईच्या बाजूलाही. नवी नळी लोखंडी टाकून घेतली. सकाळी टाकी दोन हात वर उभी होती.

सहादेव शेणकाला ढवळत होता. त्याला काय म्हणायचं ते रात्रीपासून जुळवत होतो. प्रत्यक्षात तोंडातून आलं ते, "चहा घे." तो म्हणाला, "घेतो की, आबा." मग मी म्हटलं, "पाट्या सहाच होत्या." तो म्हणाला, "सातवी बी टाकायचो कदी कदी. टाकी खाली दिसली की तुमाला तरास व्हायचा म्हनून."

कालव्याच्या भरावाला खेकडे बिळं पाडतात. त्यातून रात्रभर पाणी झिरपतं. हे मला ठाऊक होतं, तरी पाणी कमी आलं की मी आधी माणूस धरायचो. किती जणांवर केसेस केल्या त्याची यादी त्या जुन्या डायऱ्यांत आहे. काढून बघायची हिंमत नाही.

डॉक्टर म्हणाला, तपकिरीने नाक मेलंय, केव्हाच. तपकीर सोडा, पण नाक परत येईल अशी आशा धरू नका. तपकिरीची डबी उकिरड्यावर फेकली. दुपारी शोधून आणली. पुन्हा फेकली.

२१ फेब्रुवारी, रविवार

आज दुसरा पंचनामा केला. ह्या वेळी पंच मालन. तिचा हात गळ्यात बांधलेला. मी फक्त लिहिणार, नाक तिचं. ती लाजत होती, मी म्हटलं, सरकारी काम आहे, चल.

मोरी: शेवाळ आणि साबण.
रॉकेलचा डबा: "ह्यो तर डोकं उठवतो, मामा. झाकान सैल हाय." (झाकण बदलणे.)
कणगी: पावडरीचा उग्र. दळणाआधी ज्वारी उन्हात घालायला हवी म्हणाली. आम्ही कधी घातली नाही. म्हणजे मी कधी घालू दिली नाही.
कांदे: नासलेले, अजून पाटीभर.
सहादेवचं घोंगडं: ती हसली, सांगेना. "लिवू नका."
ओटा, शेगडी, नळी: निरंक. हे तिने दोनदा पाहून सांगितलं.
गोठा: "गोठ्यावानी."

मग मी विचारलं. "माझं नाक गेलंय, हे तुला कधीपासून ठाऊक?"

ती खाली बघून म्हणाली, "आत्याबाईंनी सांगितलं हुतं. जायाच्या आदी. म्हनल्या, त्येंना वास येत न्हाई, पर त्येंना सांगू नगं, चिडत्याल. दूध लागलं, रॉकेल सांडलं, काय आंबलं, तेवढं तू बघत जा. त्येंना एकलं सोडू नगं."

हाच तो शब्द. मी तिला किल्लीची हावरी ठरवली होती.

मला पुन्हा राग आला. हा मात्र खरोखरचा, कुठे काढायचा ते ठाऊक असलेला. "मला सांगायला काय झालं होतं तिला? आणि तुला?"

"सांगितलं तर तुमी ऐकलं असतं?"

मिशीची उरलेली बाजूही काल काढून टाकली आहे, चेहरा उघडा पडल्यासारखा वाटतो.

शेवटी पेटीशी आलो. ही नोंद पहिल्या पंचनाम्यात नव्हती. करदोड्याची किल्ली काढून पेटी उघडली, बिजागरी कुरकुरली. हिरवं लुगडं तिच्या चांगल्या हातात दिलं. "बघ. काही उरलं असेल तर सांग. नसेल तर तसं सांग."

मालनने नाकाला लावलं आणि तिचे डोळे भरले. मग म्हणाली, "हायेत की आत्याबाई. आख्ख्या हायेत."

"कशाचा वास आहे?"

"मशेरीचा. आन खोबऱ्याच्या तेलाचा." थांबली. "आन धुराचा. धुराचाच लई."

मी पेन्सिल धरून बसून राहिलो.

मालन म्हणाली, "त्या सांगायच्या मला. लगीन झालं तवा त्यांच्या जावा त्यांना धुरकट म्हनायच्या, अंगाला चुलीचा वास येतो म्हनून. तुमी कदी म्हनला न्हाई. त्यांना वाटायचं, मानूस रागीट हाय पर मनाचा किती चांगला, तोंडातनं एक शबूद काढत न्हाई. लई वर्सांनी कळलं, नाकच न्हाई."

"मग काय म्हणाली?"

"हसल्या. म्हनल्या, असू दे, तवर वीस वर्सं सुखाची गेली."

मी नोंद केली. हिरवे लुगडे, जुने. वास: मशेरी, खोबरेल, धूर. मालनच्या सांगण्यावरून. धूर हा शब्द लिहिताना दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं.

मालनने लुगड्याची घडी केली, पेटीत ठेवली आणि म्हणाली, "घट्ट लावा, मामा. उगी उगी उघडू नका, वास उडून जाईल." मी झाकण हळू बसवलं. वाकलेली बिजागरी बोटाने दाबून धरली, कडी घातली, कुलूप लावलं.

किल्ली मालनला दिली. ती घेईना. मी म्हटलं, "घे. वास तुला येतो, माझ्याकडे ठेवून काय करू?"